जुन्या पोलीस चौकीचं घर करताना : आधी एक पावसाळा नुसता बघा

आमच्या घरातल्या मागच्या खोलीला पुढून भिंत नाही, गज आहेत. अकरा गज, अंगठ्याएवढे जाड. खाली काळ्या दगडाच्या उंबऱ्यात आणि वर दगडी पट्टीत भोकं पाडून, त्यांत शिसं ओतून बसवलेले. उजवीकडून चौथा गज छातीच्या उंचीला गुळगुळीत झालाय. बाकीच्यांवर घणाच्या ठोक्यांचे खड्डे बोटाला लागतात, याच्यावर तेवढ्या वीतभर भागात लागत नाहीत. तिथं हात धरून माणसं उभी राहिली आहेत.

कोल्हापूरच्या पश्चिमेला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही संस्थानी काळातली चौकी. जागा आणि बांधकाम सासरच्यांचं, संस्थानानं भाड्यानं घेतलेलं. पुढं खात्याची नवी इमारत झाली, ही घरच्यांकडे परत आली आणि बरीच वर्षं तिच्यात कडबा भरलेला होता. मी व्यवसायानं वास्तुविशारद. हे घर झाल्यावर अशाच दोन जुन्या कचेऱ्यांच्या कामांत हात घालायला मिळाला. ज्यांच्या वाट्याला अशी इमारत आली आहे त्यांचे प्रश्न साधारण तेच ते असतात, म्हणून कामाच्या क्रमानं सगळं लिहिते आहे.

कागद आधी, कुदळ नंतर

पहिला प्रश्न: इमारत नक्की कुणाची? शहरात असेल तर नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड काढा, गावात असेल तर सातबारा किंवा गावठाणाचा उतारा. धारकाच्या रकान्यात ‘सरकार’ किंवा ‘महाराष्ट्र शासन’ असेल तर ताबा पन्नास वर्षांचा असला तरी तिथंच थांबा आणि वकील गाठा. ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे अटींवर दिलेली जमीन, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय खरेदी-विक्री होत नाही. जमीन इनामाची असेल तर फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, मागपर्यंत वाचावे लागतात. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोज्यांच्या नोंदींचा शोध, वकिलाकडून करून घ्यायचाच. त्या पैशाकडे बघू नका.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीची कागदपत्रं शोधायची तर शहरातलं पुराभिलेखागार आहे. त्यातलं पुष्कळसं मोडीत आहे. मोडी वाचणारा माणूस दोन दिवसांसाठी बरोबर घ्या, कारण एखाद्या भाडेचिठ्ठीत खोल्यांची यादी सापडली तर नकाशाच हाती लागल्यासारखं होतं. आमच्या बाबतीत ‘पागेस लागून न्हाणी’ एवढे तीन शब्द मिळाले आणि मागच्या अंगणात पुरलेली दगडी मोरी त्यावरून सापडली.

मग तीन गोष्टी तपासायच्या. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत? पहिल्या श्रेणीत जवळपास कशालाच हात लावता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत आतून बरीच मोकळीक असते, पण कुठल्याही श्रेणीत परवानगीआधी काम सुरू करायचं नाही. दुसरं, जवळ केंद्र संरक्षित स्मारक आहे का? पन्हाळ्यावर हा प्रश्न पावलोपावली येतो. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते परवानगीनंच होतं. दुरुस्तीलासुद्धा परवानगी घ्यावी लागते. तिसरं, पूररेषा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. जुन्या चौक्या बहुतेक नाक्यावर, पुलाच्या तोंडाशी किंवा उताराच्या रस्त्याला असायच्या, तेव्हा निळ्या-लाल पूररेषांचा नकाशा बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला ‘२००५ला पाणी कुठवर आलं होतं’ हेही विचारा. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो.

शेवटी वापरातला बदल. कचेरीचं घर करायचं म्हणजे नगररचना विभागाकडे तसा अर्ज आणि नकाशे द्यावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण वीज आणि नळजोडणीच्या वेळी त्याचा कागद लागतोच.

इमारत कशासाठी बांधली होती ते वाचा

कोल्हापुरात दगडी सार्वजनिक इमारत म्हटली की टाउन हॉल, सीपीआर रुग्णालय आणि नवा राजवाडा आठवतो. तिन्ही मेजर चार्ल्स मँट या ब्रिटिश लष्करी अभियंत्याच्या आराखड्यातले. लहान चौक्यांच्या वाट्याला कमानी-मनोरे आले नाहीत, दगड मात्र तोच काळा बेसाल्ट आला. मिस्त्री इथलेच, आणि चौकीचा आराखडा कामापुरता: पुढं लांब व्हरांडा, मधोमध ठाणे अंमलदाराची खोली, एका हाताला मुद्देमालाची आणि हत्यारांची खोली, दुसऱ्या हाताला कोठडी, मागं शिपायांची राहायची जागा, पागा आणि विहीर.

या आराखड्यात एक सूत्र असतं ते ओळखा. अंमलदार टेबलाशी बसला की मान न वळवता त्याला रस्ता दिसतो आणि मान वळवली की कोठडी दिसते. म्हणजे सगळी दारं एका नजरेच्या रेषेत आहेत. घराला नेमकं उलटं हवं असतं. आल्यागेल्याची नजर स्वयंपाकघरात, निजायच्या खोलीत जाऊ नये. इथं बहुतेक लोक पहिली चूक करतात: आडव्या भिंती घालतात, दारं बुजवतात. त्याऐवजी त्या रेषेत उंच कपाट किंवा लाकडी आडभिंत ठेवा, जमिनीला नुसती टेकलेली. उद्या कुणाला काढावीशी वाटली तर एका दिवसात निघेल. माझा या कामातला मुख्य नियमच तो आहे. जुन्यातलं शक्यतो काही काढायचं नाही, आणि नवं जोडाल ते काढता येईल असं जोडायचं.

थरही ओळखायला शिका. दगडांच्या सांध्यांतली चुन्याची दरज, सागवानी चौकट, मंगलोरी कौलं हा जुना थर. सिमेंटचा गिलावा, लोखंडी खिडक्या, पोर्चचा स्लॅब हा बहुधा विलीनीकरणानंतरचा. नंतरचं म्हणजे वाईट असं नाही. आमच्या व्हरांड्यातला लाल कोब्याचा ओटा नंतरचाच आहे आणि मी तो तसाच ठेवलाय. पण कोणती भिंत कुणाच्या आधारावर उभी आहे ते थर कळल्याशिवाय कळत नाही.

एक पावसाळा

माझं म्हणणं एवढंच असतं की कागद हातात आले तरी एक पूर्ण पावसाळा इमारतीला हात लावू नका. छप्पर गळत असेल तर ताडपत्री टाका, डुगडुगणाऱ्या भागाला टेकू द्या, बाकी नुसतं बघा.

कारण सांगते. पंचगंगेच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी पायाखाली काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. मे महिन्यात बोटभर दिसणारी चीर ऑगस्टमध्ये मिटलेली असते. मेमध्ये कामाला लागलेला माणूस त्या चिरेत सिमेंट भरतो आणि पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही, मग ती शेजारी नवीन फुटते. चिरेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. वर्षभर टिकली तर ती चीर जुनी आहे, भरून टाका.

ओल कुठून येते तेही पावसातच कळतं. मी एक वही केली होती. दर रविवारी सगळ्या भिंतींवर ओलीची वरची कड खडूनं आखायची, बाजूला तारीख. सप्टेंबरपर्यंत भिंतीवर नकाशाच तयार झाला. तीन ठिकाणी रेघा आढ्याकडून खाली येत होत्या म्हणजे छप्पर, एका ठिकाणी गुडघ्यापर्यंत सरळ पट्टा होता म्हणजे जमिनीतून चढणारी ओल. आणि कोठडीच्या पाठीमागे पाऊस थांबल्यावरही आठ दिवस वाढत राहिलेला एक गोल डाग होता. ती बुजलेली मोरी. हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि एकच ‘वॉटरप्रूफिंग’ तिघांनाही लागू पडत नाही. विकणारे मात्र तेच विकतात.

मोजमाप आणि टेकू

या भिंती दीड ते दोन फूट जाड असतात, पण अखंड दगड नसतात. आतून-बाहेरून दगडाची दोन तोंडं आणि मध्ये बारीक दगड-चुन्याची भर. दोन्ही तोंडांना बांधणारे लांब दगड मधूनमधून आरपार घातलेले असतात. पाणी वरून आत शिरलं की भर धुऊन जाते, तोंडं सुटी होतात आणि भिंतीला पोट सुटतं. ओळंबा लावून प्रत्येक भिंत तपासा. पोट सुटलेलं असेल तर त्या जागी पातळ चुना हळूहळू ओतून भर पक्की करतात, आरपार दांडे घालतात. हे संरचना अभियंत्याचं काम. त्याला जुन्या दगडकामाचा अनुभव आहे का ते आधी विचारा, नुसत्या आरसीसीचा नव्हे.

अशा इमारती मजबूत असतात यात शंका नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमची चौकी उभी होती आणि अजून आहे. पण त्या जशा आहेत तशाच मजबूत असतात. एक आधार काढला की हिशेब बदलतो. हाँगकाँगचं जुनं सेंट्रल पोलीस स्टेशन आता ‘ताय क्वुन’ नावाचं कलाकेंद्र आहे, २०१८ साली ते उघडलं. तिथं जगभरातले तज्ज्ञ कामावर होते, तरीही मे २०१६मध्ये काम चालू असताना अधिकाऱ्यांच्या निवासाच्या जुन्या इमारतीचा काही भाग कोसळला. तुमच्या-माझ्या कामावर दोन गवंडी आणि एक मदतनीस असतो. तेव्हा टेकू लावल्याशिवाय एकही दगड हलवायचा नाही.

पाणी बाहेर काढा: वरून आणि खालून

खर्चाचा मोठा वाटा इथं जाऊ द्या. फरशी, रंग, दिवे पुढच्या वर्षी होतील.

छपराची कौलं उतरवताना फेकू नका. प्रत्येक कौल बोटानं वाजवा. टणटणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर आहे. चौरस मीटरला साधारण पंधरा मंगलोरी कौलं लागतात, त्यावरून किती कमी पडतील ते काढा आणि जुनं घर उतरवणाऱ्याकडून त्याच मापाची घ्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खोबण्या जुळत नाहीत, म्हणून नमुन्याचं कौल पिशवीत घेऊनच जायचं. वासे, रिपा आणि कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, स्क्रू ड्रायव्हर टोचून तपासा. सगळ्यात आधी सडतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण तिथं हवा लागत नाही. टोक सडलं म्हणून अख्खी तुळई बदलू नका. चांगला सुतार सडका भाग कापून नवं सागवान सांधतो. वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी, ते वाळल्यावर जवसाच्या तेलाचा हात.

जमिनीकडून येणाऱ्या ओलीचं कारण बहुतेक वेळा बाहेर सापडतं. रस्त्यावर थरावर थर पडत गेले, अंगण भरत गेलं आणि जोतं जमिनीत गेलं. आमच्या व्हरांड्याला मुळात तीन पायऱ्या होत्या, वर दिसत होती एकच. भिंतीलगत दीड फूट रुंद चर खणून माती आतल्या फरशीपेक्षा किमान वीतभर खाली नेली. चरात दगडगोटे भरले, तळाला उतार दिला आणि पाणी रस्त्याच्या गटारात नव्हे, मागच्या विहिरीच्या बाजूला सोडलं. एवढ्यानंच दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याएवढा ओलीचा पट्टा घोट्यावर आला. चर खणताना पायाच्या दगडाखाली मात्र जाऊ नका.

सिमेंट उतरवायचं, चुना चढवायचा

ज्या काळात चौकीत कडबा होता, त्या काळात कुणीतरी चांगल्या मनानं आतून सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता. दगड आणि चुना पाणी पितात आणि परत सोडतात. सिमेंटचा घट्ट थर ते पाणी आत कोंडतो. बाहेर पडायला वाट नाही म्हणून ओल वर चढते, तिच्याबरोबर आलेला खार दगडाच्या तोंडाशी साठतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आमच्याकडे काम केलेले मिस्त्री सत्तरीचे होते. पहिल्याच दिवशी भिंतीवर हात ठेवून म्हणाले, “वैनी, भितीचं तोंड सिमेटानं बांधलंय. तिला बी घाम येतुया की. जाऊ दे की भाईर.” 

सिमेंट हातोडी-छिन्नीनं, हळू काढायचं. ब्रेकर मशीन लावलं तर काळा दगड तरी सोसतो, पण विटा आणि जुना चुना हादरून मोकळा होतो. काढून झालं की भिंतीला वाळू द्या. जुना अंदाज असा की इंचभर जाडीला महिना. दीड फुटाच्या भिंतीला म्हणजे दीड वर्ष. तेवढं थांबणं कुणालाच जमत नाही, आम्हीही आठ महिनेच थांबलो. पण आठ दिवसांत गिलावा करणाऱ्याच्या हाती काम देऊ नका.

चुना करायचा तो असा. कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना आणायचा आणि तो पाण्यात टाकायचा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा, हातांना रबरी मोजे, लहान मुलं लांब. उकळी बसली की ढवळून चाळून घ्यायचा आणि वर चार बोटं पाणी ठेवून मुरवायचा. पंधरा दिवस तरी, महिना दोन महिने झाले तर फारच छान. दरजांसाठी एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग वाळू. जिथं ओल राहणार आहे तिथं वाळूचा काही भाग कमी करून विटांची सुरखी, म्हणजे बारीक भुकटी, घालायची, तिनं चुना ओलीतही घट्ट होतो. सुरखी जुन्या, नीट भाजलेल्या विटांची हवी. गूळ आणि हिरड्याचं पाणी जुने मिस्त्री घालतातच. आमच्याकडे गुऱ्हाळातून आणलेला काळपट गूळ वापरला. पण कुठल्याही प्रमाणावर आंधळा विश्वास ठेवू नका. भिंतीवर हातभर रुंद असे चार नमुने करा, महिनाभर बघा आणि मग ठरवा.

गिलाव्याचा एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. प्रत्येक थर आठ-दहा दिवस ओलसर ठेवायचा, गोणपाट टांगून. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस यासाठी सगळ्यात बरे. एप्रिल-मेच्या उन्हात चुना पकडण्याआधीच वाळतो आणि भुरभुरतो. वर रंग म्हणून सफेदी, पातळ चार-पाच हात. प्लास्टिक पेंट लावलात तर सिमेंट काढण्याची सगळी मेहनत वाया.

बाहेरचा घडीव दगड मात्र गिलाव्याशिवाय राहू द्या. पॉलिशवाले ‘चकचकीत काळा करून देतो’ म्हणत येतील. नको म्हणा.

कोठडीचं काय करायचं

या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे, पण त्याच्याआधी बांधकाम.

कोठडीवर बहुधा कौलं नसतात. लोखंडी गर्डर तीन-चार फुटांवर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या चपट्या कमानी, असं छत असतं. माणूस छपरातून पळू नये म्हणून. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटते आणि शेवटची कमान भिंतीला. त्यामुळे शेवटची भिंत काढली किंवा तिच्यात मोठी खिडकी पाडली तर कमानी ओळीनं खाली येऊ शकतात. काही ठिकाणी हा रेटा धरायला गर्डरांमधून लोखंडी सळया ताणलेल्या असतात. ‘मध्ये येतात’ म्हणून त्या कापणारे लोक मी पाहिले आहेत. गर्डरची भिंतीत टेकलेली टोकं उघडून गंज तपासा. गंज खरवडून रेड ऑक्साइड दिला की काम भागतं, पण पत्रा अर्ध्याहून झिजला असेल तर खालून नवा आधार लागतो. आणि अशा छतावर पाण्याची टाकी कधीच नको. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. ती वेगळ्या मनोऱ्यावर ठेवा.

गज कापू नका. गंजलेले असतील तर तारेच्या ब्रशनं साफ करून तेल द्या, शिसं सुटलं असेल तर नवं ओतून घ्या. डास येतात म्हणून आम्ही आतून लाकडी चौकटीत जाळी बसवली, पितळी आकड्यांवर अडकवलेली. कोठडीच्या दाराचा अडसर मात्र पहिल्याच आठवड्यात निकामी करा. आमच्याकडे शेजारचा सात वर्षांचा मुलगा खेळता खेळता आत गेला, बहिणीनं बाहेरून अडसर सरकवला आणि गंजानं तो अडकला. वीस मिनिटं लागली सोडवायला. त्या पोराचं रडणं त्या कमानीखाली घुमत होतं. त्याच संध्याकाळी अडसर काढून ठेवला. आता तो कपाटात आहे, कुठल्या दाराचा ते चिठ्ठीवर लिहून.

हाच मुद्दा सगळ्या घराला लागू आहे. चौकीच्या प्रत्येक खिडकीला गज असतात. आग लागली तर बाहेर कसं पडायचं? निजायच्या प्रत्येक खोलीत एक तरी खिडकी आतून उघडणाऱ्या गजांची करून घ्या. तेवढ्यासाठी एका खिडकीचे गज काढावे लागले तरी चालेल. माणूस दगडापेक्षा मोठा.

आता मत. कोठडीला शोभेची जागा करू नका. बेड्या टांगून, ‘जेल’ अशी पाटी लावून पाहुण्यांना फोटो काढायला लावणारी घरं मी पाहिली आहेत, मला ती सहन होत नाहीत. संस्थानी काळात काही जमातींच्या माणसांना, गुन्हा काहीही नसताना, रोज हजेरी द्यावी लागे. १९१८ साली शाहू महाराजांनी ती सक्ती बंद केली. पुढं संस्थानात लोकांचं राज्य मागणाऱ्या प्रजा परिषदेच्या चळवळीतले कार्यकर्ते संस्थानी तुरुंगांत राहिले. तुमच्या इमारतीत कोण उभं राहिलं होतं हे माहीत नसेल, पण कुणीतरी राहिलं होतं.

आधी मला ती पाहुण्यांची खोली करायची होती. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, साफ सांगितलं, “पाव्हण्याला गजाआड निजवायचं व्हय? नगं.” मग तिथं पुस्तकं आली. दगडी ओट्यावर, जिथं कैदी निजत, तिथं आता बसून वाचता येतं. उंचावरचा झरोका विटांनी बुजवला होता, तो फक्त मोकळा केला. सकाळी नऊच्या सुमाराला उजेडाचा एक चौकोन ओट्यावर उतरतो आणि अर्ध्या तासात गजांपर्यंत सरकतो. नवीन खिडकीची गरज पडली नाही.

बाकीच्या खोल्या

अंमलदाराची खोली बैठकीची झाली, त्यात फार विचार नाही. मुद्देमालाच्या खोलीला एकच दार आणि खिडकी नाही, म्हणून ती कोठीघर. स्वयंपाकघर शिपायांच्या लांब खोलीत, कारण तिथंच समोरासमोर खिडक्या आहेत. कौलांखालचा अंधार घालवायला काचेची कौलं वापरा, दहा चौरस मीटरला दोन पुरतात. जास्त घातली तर मे महिन्यात भट्टी होते.

संडास-बाथरूम जुन्या भिंतींच्या आत घेऊ नका. मागच्या बाजूला हलकी नवी खोली बांधा, तिचा पाया वेगळा, जुन्या भिंतीपासून दोन बोटांची फट आणि वर पत्र्याची पन्हळ. दोन्ही इमारती वेगवेगळ्या वेगानं खचतात. सिमेंटनं चिकटवलेल्या ठिकाणी चीर पडणारच.

वायरिंगसाठी भिंत कोरायची नाही. आमच्याकडे पहिल्या इलेक्ट्रिशियननं माझ्या पाठीमागे मशीननं सरळ खाच पाडली, दगडाचं तोंड आणि दरज दोन्ही कापून. ती भरली, पण अजून दिसते. त्यानंतर सगळ्या वायरी कैच्यांवरून फिरवल्या आणि खाली येताना पितळी किंवा लोखंडी नळीतून, चौकटीच्या बाजूनं आणल्या. नळीचे खिळे दरजेत मारायचे, दगडात नव्हे. वीजसंचाला अर्थिंग नवंच करून घ्या.

दगडी खोल्या घुमतात. सतरंज्या, घोंगडी, पुस्तकांची कपाटं यांनी आवाज बसतो.

पाटी, दार आणि रात्र

जुनी लाल-निळी पाटी बाहेर ठेवू नका. घरावर ‘पोलीस’ हा शब्द असणं लोकांची दिशाभूल करतं आणि त्यात तुमचीही अडचण होऊ शकते. आम्ही ती आत, व्हरांड्याच्या बाजूच्या भिंतीला लावली. तरी पहिल्या वर्षी दोनदा रात्री दार वाजलं. एकदा एक आजी आल्या होत्या, लांबच्या वाडीवरून चालत. सुनेला मारतोय लेक, म्हणाल्या, तक्रार लिहून घ्या. त्यांच्या लहानपणापासून चौकी इथंच होती. आत्याबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा केला, मी ११२ वर फोन लावला आणि गाडी येईपर्यंत आम्ही तिघी व्हरांड्यात बसलो. तेव्हापासून व्हरांड्यात एक बाकडं, एक दिवा आणि नवीन ठाण्याचा पत्ता मोठ्या अक्षरात ठेवला आहे. तुम्हीही ठेवा.

दर वर्षी

चुन्याचं घर झालं की देखभाल थोडी थोडी पण नेमानं लागते. फेब्रुवारीत सुटलेल्या दरजा भरायच्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत शाकारणी, म्हणजे कौलं चाळून नीट बसवणं, उरकायची, वळवाच्या आधी. शाकारणीवाला एकदा हातचा गेला की जूनमध्ये मिळत नाही, तेव्हा गुढीपाडव्यालाच सांगून ठेवा. जास्तीची शंभर कौलं मागं रचून ठेवा. चरातला पालापाचोळा पावसाआधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा काढा. सफेदी दोन-तीन वर्षांनी.

खडूची वही मी अजून ठेवते. मोरी मोकळी केल्याला यंदा चौथा पावसाळा. कोठडीमागचा गोल डाग मागच्या श्रावणात बशीएवढा होता. यंदा मी दिवा धरून शोधला, तेव्हा तळहाताएवढा भाग हाताला गार लागला, पण रेघ आखण्याइतकी कड दिसली नाही.